कोळशातून गोडी काढणारे फालबर्ग

जेवणाचा पहिला घास घेताच कॉन्स्टन्टिन फालबर्ग थबकले. पाव चक्क गोड लागत होता. त्यांनी चूळ भरली, रुमालाने ओठ पुसले; रुमाल पावाहूनही गोड निघाला. अखेर स्वतःचा अंगठा चाटून पाहिल्यावर उलगडा झाला. दिवसभर रसायनांत बुडालेले हे गृहस्थ हात न धुताच जेवायला बसले होते. जेवण तसेच टाकून ते प्रयोगशाळेत धावले आणि मेजावरील एकेका पात्रातील द्रव त्यांनी चाखून पाहिला. त्यांतील एखादा जहाल विषारी असता, तर सॅकरीनची कथा त्या रात्रीच संपली असती.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घडलेली ही घटना १८७८-७९ च्या सुमाराची. ती पुढे फालबर्ग यांनीच सांगितली असल्याने तिला थोडे तिखटमीठ लागले असणार. शोध मात्र खरा होता. डांबरातून मिळणाऱ्या टोल्युइनपासून, अनेक प्रक्रियांनंतर तयार झालेला तो पांढरा पदार्थ साखरेच्या सुमारे तीनशे पट गोड होता.

गंमत अशी, की फालबर्ग हे मुळात साखरेचेच जाणकार. १८५० मध्ये रशियातील ताम्बोव्ह येथे त्यांचा जन्म झाला. जर्मनीत लाइपझिग येथे त्यांनी रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि साखरेच्या परीक्षणात नाव कमावले. अमेरिकन सरकारने अडवून ठेवलेल्या साखरेच्या मालाची तपासणी करण्यासाठी एका आयातदार पेढीने १८७७ मध्ये त्यांची नेमणूक केली. पेढीकडे प्रयोगशाळा नव्हती, म्हणून प्राध्यापक इरा रेम्सेन यांच्या प्रयोगशाळेत त्यांची सोय लावण्यात आली. ते काम आटोपल्यावर फालबर्ग तेथेच राहिले आणि रेम्सेन यांच्या संशोधनात सहभागी झाले.

वादाचे मूळ येथेच आहे. १८७९ मध्ये दोघांच्या नावाने शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात या पदार्थाच्या गोडीची नोंदही होती. रेम्सेन यांना बाजारात रस नव्हता. शुद्ध विज्ञानाने व्यापाराच्या वाटेला जाऊ नये, असे मानणाऱ्या पिढीतील ते होते. फालबर्ग यांनी मात्र १८८० च्या दशकाच्या मध्यास केवळ स्वतःच्या नावाने पेटंट घेतली आणि पदार्थाला सॅकरीन हे नाव दिले. रेम्सेन यांनी पैशाचा वाटा मागितला नाही, पण श्रेय डावलल्याची सल त्यांना आयुष्यभर राहिली. त्यांची तक्रार रास्तच म्हणावी लागेल. संशोधनाची दिशा त्यांची, प्रयोगशाळाही त्यांचीच. तथापि, प्रयोगशाळेतील चिमूटभर पूड कारखान्यात बनवता यावी, यासाठी झिजणारे फालबर्ग होते, हेही विसरता येत नाही.

त्यांनी स्वतःवर प्रयोगही केला. दहा ग्रॅम सॅकरीन गिळून ते एक दिवस थांबले. प्रकृतीवर काही परिणाम झाला नाही आणि जवळजवळ सारे सॅकरीन लघवीवाटे बाहेर पडल्याचे त्यांना आढळले. मधुमेहींच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे होते. शरीर ज्याचे पचन करीत नाही, त्यापासून रक्तातील साखर वाढत नाही. इन्सुलिनचा उपचार १९२२ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत मधुमेहींच्या हाती पथ्याखेरीज फारसे काही नव्हते. साखर तर पहिल्याच दिवशी वर्ज्य होई. अशा रुग्णाच्या चहा-कॉफीत थोडी गोडी परत आली, एवढाच सॅकरीनचा उपकार. रोग त्याने बरा होत नव्हता, आजही होत नाही. गोळी घातलेल्या चहाबरोबर बिस्किटे खाल्ली, तर त्यातील मैदा आणि साखर आपले काम करतातच.

न्यूयॉर्कमध्ये लहान प्रमाणावर उत्पादन करून पाहिल्यानंतर फालबर्ग जर्मनीला परतले. नातलग अडॉल्फ लिस्ट यांच्या भागीदारीत त्यांनी १८८६ मध्ये माग्डेबुर्गजवळ कारखाना उभारला. हा सारा परिसर म्हणजे बीटपासून साखर बनविणाऱ्यांचे माहेरघर. साखरसम्राटांच्या अंगणातच त्यांनी साखरेचा प्रतिस्पर्धी आणून बसविला! गरिबांना स्वस्त गोडी मिळू लागताच शेतकरी आणि कारखानदार खवळले. साखरेवरील कराला मुकण्याची भीती सरकारलाही होती. १९०२ मध्ये जर्मनीने कायदा करून सॅकरीनची खुली विक्री बंद केली. ते केवळ औषधांच्या दुकानांतून, मधुमेही व तत्सम रुग्णांनाच मिळू लागले. उत्पादनाचा परवाना एकट्या फालबर्ग-लिस्ट कारखान्याकडे राहिला. इतरांची सोय चोरट्या व्यापाराने केली. स्वित्झर्लंडच्या सीमेवरून सॅकरीनच्या पुड्या वर्षानुवर्षे येत राहिल्या.

१५ ऑगस्ट १९१० रोजी जर्मनीतील नासाउ येथे फालबर्ग यांचे निधन झाले. त्याच सुमारास अमेरिकेत सॅकरीनची चौकशी सुरू होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने स्वतः सॅकरीन घेणारे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ते अपायकारक मानायला तयार नव्हते. त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाच्या अध्यक्षपदी होते इरा रेम्सेन! जुना राग उगवण्याची संधी असूनही मंडळाने अल्प प्रमाणात ते निरुपद्रवी ठरविले. तरीही साखरेच्या जागी पोषणमूल्य नसलेला पदार्थ वापरणे ही भेसळच, या कारणाने १९१२ मध्ये खाद्यपदार्थांत त्यावर बंदी आली. मधुमेहींसाठीच्या वापराला तिथेही मुभा राहिली. ही बंदी फार टिकली नाही. पहिल्या महायुद्धात साखरेचा तुटवडा पडला आणि दोन्ही खंडांत सॅकरीन पुन्हा घरोघरी पोहोचले.

१९७७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत मूत्राशयाचा कर्करोग आढळल्याने अमेरिकेत पुन्हा बंदीचा प्रस्ताव आला. त्या वेळी तेथे दुसरी कृत्रिम साखर बाजारात नव्हती. मधुमेहींनी एवढा गहजब केला, की काँग्रेसने बंदी रोखून वेष्टनावर धोक्याची सूचना छापण्यावर भागविले. उंदरांमधील ती प्रक्रिया माणसाला लागू होत नसल्याचे दिसून आल्यावर २००० मध्ये ती सूचनाही हटविण्यात आली.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नये, अशी शिफारस केली. तीत सॅकरीनचाही समावेश आहे. आधीच मधुमेह असलेल्यांना मात्र त्या शिफारशीतून वगळण्यात आले आहे.