बटाट्यातलं प्रथिन आणि कमलाबाई

बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून स्टार्च शोधण्याचा प्रयोग डोंबिवलीच्या शाळेत आपण सगळ्यांनीच केला. त्याच बटाट्यात डॉ. कमला सोहोनी यांना सायटोक्रोम सी सापडलं होतं.

कमलाबाई म्हणजे दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. वर्षभर चाचणीवर राहण्याची अट पत्करून त्यांनी प्रवेश मिळवलाच.

पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी दाखवून दिलं, की हे प्रथिन वनस्पतींतही असतं. सुमारे शंभर अमिनो आम्लांची साखळी, पोटात लोहाचा अणू. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलालगत राहून ते श्वसनासाठी इलेक्ट्रॉन पोहोचवतं. आपल्या पेशींतही तेच काम चालतं.

१९३९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं, संचालकपदही भूषवलं. १९९८ मध्ये त्या गेल्या.

इंजिनीअरिंगला आम्हा मुलींना कोणी चाचणीवर ठेवलं नाही. ती अट कमलाबाई आमच्या आधीच पुरी करून गेल्या होत्या.