हुद्दारांचा गुन्हा आणि जन्माचा शिक्का

जुहूच्या एका वस्तीतला पारधी समाजाचा तरुण मध्यंतरी माझ्याकडे आला होता. हाणामारीच्या एका खटल्यात त्याला शिक्षा झाली, ती पूर्ण भोगून तो बाहेर आला. आता परिसरात कुठेही चोरी झाली की पोलीस आधी त्याच्याच दारात उभे राहतात. शिक्षा संपली, मग आपण गुन्हेगार राहायचे कुठवर, हा त्याचा साधा प्रश्न होता. त्याला कलमे सांगता आली असती. पण मला आठवले ते नागपूरचे गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार.

हुद्दारांचा जन्म १९०२ चा, ब्राह्मण कुटुंबातला. नोव्हेंबर १९२९ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची पदरचना ठरली, तेव्हा डॉ. हेडगेवार सरसंघचालक झाले आणि हुद्दार पहिले सरकार्यवाह. पुढे १९३१ मध्ये बालाघाट येथे सशस्त्र दरोडा पडला. क्रांतिकार्यासाठी पैसा उभा करणे हा त्यामागचा हेतू होता. हुद्दार पकडले गेले आणि त्यांना पाच वर्षांची सजा झाली. दंडविधानाच्या लेखी दरोडा तो दरोडाच. पैसा कोणत्या कामासाठी हवा होता, याने गुन्हा पुसला जात नाही.

१९३५ च्या सुमारास हुद्दार सुटले आणि पत्रकारितेच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तिथे त्यांचा कम्युनिस्टांशी संबंध आला. त्या वेळी स्पेनमध्ये आग लागली होती. फेब्रुवारी १९३६ मध्ये जनतेने निवडून दिलेले सरकार उलथून टाकण्यासाठी जुलैमध्ये सेनापतींनी बंड केले होते. हिटलर आणि मुसोलिनी बंडखोरांच्या पाठीशी उभे राहिले. प्रजासत्ताक वाचवण्यासाठी पन्नासहून अधिक देशांतले सुमारे ३५ हजार स्वयंसेवक आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले. त्यांतल्या ब्रिटिश बटालियनला मुंबईत जन्मलेल्या शापूरजी सकलातवाला यांचे नाव देण्यात आले होते. १९३७ मध्ये हुद्दारही जॉन स्मिथ हे नाव घेऊन स्पेनला गेले.

संघाचा पहिला सरकार्यवाह फॅसिस्टांविरुद्ध बंदूक घेऊन उभा राहिला, हे आज कोणत्या बौद्धिकात सांगितले जाते?

१९३८ मध्ये गांदेसाजवळ हुद्दार फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठाचा तुरुंग केलेला होता, तिथे त्यांना डांबले गेले. आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट याच तुरुंगात घडली. फ्रँकोच्या लष्कराचा मनोविकारतज्ज्ञ वायेखो नाखेरा याने तिथल्या परदेशी कैद्यांच्या तपासण्या केल्या. मार्क्सवादी माणूस मुळातच हीन मनाचा असतो, हे त्याला विज्ञानाच्या नावाने सिद्ध करायचे होते. ज्याचा विचार पटत नाही त्याच्या घडणीतच खोट आहे असे ठरवायचे, ही युक्ती आपल्या पूर्वजांना नवी नव्हती. मनुस्मृतीला तर तपासणीचीही गरज वाटली नव्हती.

आणि हीच युक्ती इंग्रजांनी कायद्यात बसवली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. हुद्दार लंडनला शिकत होते, त्या काळात सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी यांच्यासारख्या जमातींची कुटुंबे काटेरी तारांच्या आत राहत होती. त्यांना हजेरी लावावी लागे, परवान्याशिवाय बाहेर जाता येत नसे. तिथे जन्मलेल्या लेकराने कोणता दरोडा घातला होता? एकाचा गुन्हा न्यायालयात शाबीत झाला होता, तरी त्याला सजेनंतर नवे आयुष्य मिळाले. दुसऱ्याने काहीच केले नव्हते, तरी त्याची सजा संपत नव्हती. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य आणि आदिवासींबरोबर या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा प्रश्न मांडला आणि त्यासाठी हिंदू संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, ते उगीच नव्हे.

१९३८ च्या उत्तरार्धात हुद्दार सुटले आणि मायदेशी परतले. १९३९ मध्ये सुभाषबाबूंच्या वतीने ते हेडगेवारांना भेटायला गेले, पण ती भेट फळाला आली नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतः १९७९ मध्ये इंग्रजी साप्ताहिकात लिहिला. १९४० मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९८१ मध्ये वारले.

परक्या देशात लढायला गेलेला प्रत्येक जण असा निघतो असे नाही. बॉस्नियाच्या युद्धात क्रोएट बाजूने लढलेला स्वीडनचा जॅकी आर्कलव मायदेशी परतला आणि १९९९ मध्ये मालेक्सांडर येथे बँक दरोड्यानंतर झालेल्या दोन पोलिसांच्या खुनांत दोषी ठरला. त्याने रणांगणावरची हिंसा घरी आणली. हुद्दार दरोड्याकडून रणांगणाकडे गेले आणि परतल्यावर राजकीय कार्यात उतरले. म्हणून माणूस त्याच्या कृतीने मोजावा, आणि कृती बदलली तर मोजमापही बदलावे.

तथागतांनी अंगुलिमालाला हीच संधी दिली. त्याला पकडायला फौज घेऊन निघालेल्या पसेनदी राजाने भिक्खू झालेल्या अंगुलिमालाला पाहिले आणि तो हात न लावता परत गेला. लोक मात्र त्याला दगड मारतच राहिले. राजाला जे उमगले ते गावाला उमगले नाही.

आपल्या देशातही तसेच झाले. १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांच्या आडून संशय शिल्लक राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगातली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी प्रजासत्ताकाला पंचाहत्तर वर्षे लागली!

त्या तरुणाला मी सांगितले की त्याची शिक्षा कायद्याने संपली आहे. गुन्ह्याशी जोडणारा पुरावा किंवा रास्त संशय नसताना केवळ जुन्या शिक्षेवरून त्याला कोणी उचलू शकत नाही. पण हे त्याला एकट्याला पोलीस ठाण्यात सांगता येणार नाही. त्याच्याबरोबर कोणीतरी जायला हवे. जयंतीच्या मिरवणुकीला आपण हजारोंनी निघतो. रात्री दहा वाजता वस्तीतल्या एका पोराला उचलले, तर ठाण्याच्या पायरीपर्यंत आपल्यातले किती जण जातात?