घोड्यावरून बाळंतपणाला जाणाऱ्या सुईणी उभ्या करणारी बाई : मेरी ब्रेकिनरिज

स्मृतिदिन विशेष

१६ मे हा मेरी ब्रेकिनरिज यांचा स्मृतिदिन. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात घरी जाऊन बाळंतपण करणाऱ्या शिकलेल्या सुईणींची फळी या बाईने उभी केली. १९६५ साली त्या गेल्या. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण पावसाळ्यात ओढ्याला पूर आला म्हणून गरोदर बाईला झोळीत घालून आणल्याची बातमी दरवर्षी वाचणाऱ्यांना त्यांचं काम लगेच समजेल.

मेरीबाईंचा जन्म १७ फेब्रुवारी १८८१ चा, मेम्फिस शहरातला. घराणं मोठं. आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते, वडील रशियात अमेरिकेचे वकील. खाण्यापिण्याला काही कमी नव्हतं. पण संसाराने मात्र पाठ फिरवली. १९०४ मध्ये लग्न झालं आणि दोनच वर्षांत नवरा वारला. मग न्यूयॉर्कला जाऊन त्या नर्स झाल्या. दुसरं लग्न केलं. १९१४ मध्ये मुलगा झाला, १९१६ मध्ये मुलगी. मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली आणि काही तासांत गेली. मुलगा चार वर्षांचा असताना आजारपणात गेला. दुसरं लग्नही टिकलं नाही. एवढं झाल्यावर एखादीने अंथरूण धरलं असतं. मेरीबाईंनी उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या लेकरांसाठी घालायचं ठरवलं.

पहिलं महायुद्ध संपल्यावर त्या फ्रान्सला गेल्या. लढाईने उजाड झालेल्या गावांत लहान पोरांना दूध मिळावं म्हणून त्यांनी शेळ्या मिळवून दिल्या. तिथेच त्यांना इंग्लंडच्या नर्स भेटल्या, ज्या सुईणीचंही काम शिकलेल्या होत्या. अशी बाई आपल्या डोंगरात हवी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

इथे कायद्याची गोष्ट समजून घ्यावी लागेल. इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने सुईणीला शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी मिळाली होती. अमेरिकेत उलटं चाललं होतं. डॉक्टरांचा मोठा गट सुईणच नको म्हणत होता. मॅसॅच्युसेट्स राज्यात तर १९०७ मध्ये कोर्टाने सुईणीचं काम म्हणजे विनापरवाना डॉक्टरकी ठरवली. आता शहरातल्या बाईला डॉक्टर तरी मिळत होता. डोंगरातल्या बाईने काय करायचं, याचा विचार कुणी करत नव्हतं.

मेरीबाईंनी आधी भाषणं केली नाहीत. १९२३ च्या उन्हाळ्यात त्या घोड्यावर बसून केंटकीच्या डोंगरात वाडी-वस्तीवर फिरल्या. ५३ जुन्या सुईणींना भेटल्या. बहुतेक साठीच्या घरातल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. काहींचा हात चांगला होता, पण मूल आडवं असलं, वार अडकली, रक्त थांबेना, तर करायचं काय हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. नर्सला सुईणीचं पूर्ण शिक्षण देईल अशी सोय अमेरिकेत नव्हती, म्हणून वयाच्या चाळिशीनंतर मेरीबाई लंडनला गेल्या आणि परीक्षा देऊन सुईणीचा दाखला मिळवला. मग स्कॉटलंडच्या डोंगरात आणि बेटांवर विरळ वस्तीला आरोग्यसेवा कशी पुरवतात ते पाहून आल्या.

१९२५ मध्ये लेस्ली काउंटीत, हायडन गावाच्या परिसरात काम सुरू झालं. सुरुवातीला घरचाच पैसा घातला. पुढे संस्थेचं नाव फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस पडलं. मोटारीचा रस्ता नव्हता, म्हणून नर्स घोड्यावर आणि खोगिराच्या पिशव्यांत सगळं सामान. ठिकठिकाणी छोटी केंद्रं बांधली, म्हणजे कुठल्याही घरी घोड्यावरून वेळेत पोचता यावं. बाळंतपणाची फी पाच डॉलर. नसतील तर चारा, अंडी द्या, नाहीतर अंगमेहनत करा. आपल्याकडच्या बलुत्यासारखंच म्हणा ना. गरोदरपणात घरी तपासणी, बाळंतपणानंतरही फेऱ्या, बाळाला लसी.

सगळं घरीच उरकायचं, असा हट्ट मात्र नव्हता. नर्सने काय करायचं आणि डॉक्टरला कधी बोलवायचं, याची डॉक्टरांनी मान्य केलेली लेखी नियमावली होती. १९२८ मध्ये हायडनला छोटा दवाखानाही उभा राहिला.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदी. प्रत्येक बाळंतपणाचा कागद ठेवला. पहिल्या १००० बाळंतपणांचा हिशेब एका मोठ्या विमा कंपनीच्या तज्ज्ञाने १९३२ च्या सुमारास तपासला. बाळंतपणामुळे म्हणून एकही आई गेली नव्हती. त्या काळात अमेरिकेत हजार बाळंतपणांमागे सहा-सात आया दगावत होत्या. या आकड्यापुढे सुईण नको म्हणणाऱ्यांना उत्तर देणं अवघड झालं.

१९३१ मध्ये घोड्यावरून पडून मेरीबाईंच्या पाठीचं हाड मोडलं, तरी काम सुटलं नाही. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडच्या नर्स मायदेशी परतू लागल्या. तेव्हा त्यांनी तिथेच सुईणींची शाळा काढली. ती आज विद्यापीठ म्हणून चालू आहे.

एक गोष्ट झाकता येणार नाही. मेरीबाई वर्णभेद मानणाऱ्या होत्या. काळ्या नर्सना त्यांनी संस्थेत घेतलं नाही. जुन्या सुईणींना शिकवून पुढे न्यावं असंही त्यांना वाटलं नाही. त्यांच्या जागी शिकलेल्या नर्सच आणायच्या होत्या. त्यामुळे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गावाची बाळंतपणं केली, त्या बाजूलाच पडल्या. आजही अमेरिकेत राज्याराज्यांत कायदा वेगळा आहे. नर्स नसलेल्या सुईणीला काही राज्यांत परवाना मिळत नाही, आणि तो मिळावा म्हणून तिथल्या आया आमदारांकडे खेटे घालतात.

आपल्याकडे बाळंतपण दवाखान्यातच व्हावं यावर सरकारचा भर आहे, आणि अडलेल्या बाईला दवाखाना हवाच. केंद्र सरकारने २०१८ मध्ये नर्सना सुईणीचं खास शिक्षण देण्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण अशी शिकलेली बाई तालुक्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोचणार का, हा खरा प्रश्न आहे. मेरीबाईंनी जे जमवलं ते एवढंच होतं: हाताला शिक्षण, कामाला परवाना, पाठीशी डॉक्टर आणि वहीत नोंद. पावसाळा तोंडावर आला आहे. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की आपल्या गावात यातलं काय आहे आणि काय नाही, हे विचारायला हरकत नाही.