सफरचंदांचे चित्रकार सेझान

आधी माझी चूक सांगतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला डिलाईल रोडला मामाकडे गेलो होतो. चाळीतली एकच खोली. मामाचा दादा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेसाठी वस्तुचित्राचा सराव करत होता. स्टुलावर तांब्या, मोसंबी आणि दोन सफरचंदे मांडलेली. तो पाणी भरायला गेला आणि मी एक सफरचंद खाल्ले. दादा ओरडला नाही. नुसता अर्ध्या चित्राकडे बघत बसला. ओरडला असता तर बरे झाले असते.

रात्री त्याने पुस्तकातले एक चित्र दाखवले. ते पॉल सेझान यांचे होते.

सेझान यांचा जन्म १९ जानेवारी १८३९ रोजी फ्रान्समधील एक्स या गावी झाला. वडील आधी टोप्यांचे व्यापारी, पुढे बँकवाले. मुलाने वकील व्हावे असे त्यांना वाटे. मुलगा गेला पॅरिसला चित्रे काढायला! तिथल्या सरकारी कलाशाळेने त्यांना घेतले नाही. मोठ्या प्रदर्शनातूनही चित्रे परत येत. १८७४ साली मोने, पिसारो वगैरे चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन भरवले, त्यात सेझान होते. उजेडात क्षणभर जसे दिसते तसे रंगवणारे हे चित्रकार, त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणतात. लोक त्यांना हसले.

पण क्षणभराचे बघणे सेझानना पुरेना. ते फळे मांडून दिवसच्या दिवस बघत. चित्र होईस्तोवर फळे कुजून जात. (आमच्या घरी फळ कुजेपर्यंत उरतच नाही.) समोर माणूस बसला तरी त्यानेही सफरचंदासारखे गप्प बसायचे, हलायचे नाही.

दादाने दाखवलेले चित्र ‘सफरचंदांची टोपली’, १८९३ च्या सुमाराचे. ते आता अमेरिकेत शिकागोला आहे. त्यात बाटली कललेली आणि टेबलाची कड डावीकडे एक, उजवीकडे दुसरीच. मला वाटले, चुकलंय. दादाने मला स्टुलासमोर बसवून डोके इकडेतिकडे करायला लावले. खरंच, आपण हललो की कडही हलते!

१८९५ साली त्यांचे एकट्याचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. ऑक्टोबर १९०६ मध्ये ते बाहेर चित्र काढताना वादळी पावसात सापडले. दुसऱ्या दिवशी तसेच पुन्हा कामाला गेले. थोड्याच दिवसांत वारले.

सकाळी मी खाऊच्या पैशांतून सफरचंद आणले. ते एका बाजूने हिरवट होते. दादाने तेच मांडले आणि नवा कागद घेतला.

– इयत्ता सातवी