टिळकांची मागे पडलेली भजने

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव ज्या मराठी मंडळीला ठाऊक नाही, अशी मंडळी विरळाच. ‘उपासना संगीत’ उघडले की त्यांचे नाव पानोपानी भेटते. त्यांनी शंभराहून अधिक ख्रिस्ती गीते रचली; पण आपण रविवारी आळीपाळीने गातो ती मोजकीच. बाकीची पुस्तकात मिटून पडली आहेत. ती कोणत्या जीवनातून आली, हे पाहू या.

टिळकांचा जन्म कोकणातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घरात झाला. नाशिकला त्यांनी संस्कृत आणि काव्य यांचा अभ्यास केला. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाशी काव्यावर गोष्टी निघाल्या. त्या गृहस्थाने निरोप घेताना नवा करार त्यांच्या हाती ठेवला. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक आले आणि ते तेथेच खिळले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत जबर होती. आप्तांनी संबंध तोडले. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांनी त्या तेव्हाच्या अहमदनगरात पतीकडे परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही प्रभूचा स्वीकार केला. घर मोडल्याचे दुःख ज्याने भोगले, त्याची ही गीते आहेत, हे गाताना विसरू नये.

त्या काळी आपल्या उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली गीते पुष्कळ असत. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी देशी चाली आणि कीर्तन आणले होते. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते मानीत. म्हणून अभंग आणि ओवी ही त्यांना परकी वस्त्रे नव्हती. ती त्यांच्या घरचीच होती. शेतावरच्या माणसाला टाळाच्या ठेक्यावर म्हणता यावे, असे त्यांनी लिहिले.

त्यांच्या मागे पडलेल्या भजनांत तीन गोष्टी विशेष आढळतात. एक, ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात आणि त्याच श्वासात आई म्हणतात. दुसरी, ते प्रभूकडे काही मागण्याऐवजी त्याच्याशी एकरूप होण्याचीच आस धरतात. तिसरी, हिंदुस्थानविषयीचे प्रेम ते प्रार्थनेतून बाजूला ठेवीत नाहीत. आपली रविवारची प्रार्थना बहुधा मागण्यांची यादी असते. ही भजने आपल्याला गप्प बसून प्रभूजवळ राहावयास शिकवतात.

१९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांनी केले. १९१७ साली मिशनचा पगार आणि आधार सोडून ते साताऱ्यास गेले व ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे एकत्र यावेत, ही त्यांची तळमळ होती. पुष्कळांना हे रुचले नाही. परंतु देह साथ देईना. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभूकडे गेले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

आज बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या घरांतील मुले शाळेत दुसरीच भाषा बोलतात. मराठी त्यांच्या कानी पडते ती घरी आणि देवळात. तेव्हा मंडळीतील वडीलधाऱ्यांना विनंती आहे की, महिन्यातून एका रविवारी टिळकांचे एक न गायिलेले भजन निवडावे. चाल ठाऊक नसेल तर म्हाताऱ्या आजीला विचारावे. तिलाही आठवत नसेल तर साधी अभंगाची चाल लावावी. पेटी, तबला आणि टाळ एवढे पुरे. ज्याने प्रभूसाठी सर्वस्व सोडले, त्याचा ठेवा कपाटात धूळ खात पडू नये. प्रभू आपल्या ओठांवर ही गीते पुन्हा जागी करो.