उशिरा शाळेत गेलेला शेतीशास्त्रज्ञ : जॉर्ज कार्व्हर



गावात शेतीच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम ठेवला की दोन गोष्टी हमखास कानावर येतात. पन्नाशीतली मंडळी म्हणतात, आता या वयात काय शिकायचं, पोराला पाठवतो. आणि पोराचं विचारलं तर सांगतात, दहावीत नापास झाला, चार वर्षं घरीच आहे, त्याचं शिकायचं वय निघून गेलं. म्हणजे बापाचंही वय झालं आणि पोराचंही झालं! मग शिकायचं कुणी?

शिकायला सुरुवात कोणत्या वयात करावी, या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या आयुष्यात सापडतं अशा एका माणसाची हकिगत आज सांगतो. नाव तुम्हांला नवीन नाही. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आले आणि हा अमेरिकेतला शेतीशास्त्रज्ञ मराठी घराघरांत पोचला. भुईमुगाचा शास्त्रज्ञ म्हणून आपण त्याला ओळखतो. पण त्याचं वय आणि त्याचं शिक्षण यांचा मेळ आपण फारसा घालून पाहत नाही. तो आज घालू.

डोळा लहानपणीच तयार झाला

कार्व्हरचा जन्म अमेरिकेच्या मिसूरी राज्यातल्या डायमंड गावाजवळ, १८६४ च्या सुमारास झाला. नेमकी तारीख कुणी लिहून ठेवली नाही, कारण त्याची आई गुलाम होती. मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याने तिला विकत घेतलेले होते. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. लुटारूंच्या टोळीने आई आणि तान्ह्या जॉर्जला पळवून नेले. मोझेसने शोधाला माणूस पाठवला. पोर परत मिळाले, आई कायमची गेली. पोर शोधून आणणाऱ्याला मोझेसने मोबदल्यात आपला एक घोडा दिला. माणसाच्या लेकराची किंमत एक घोडा!

पुढे गुलामगिरी संपली. मोझेस आणि त्याची बायको सुसान यांनी जॉर्जला आणि त्याचा थोरला भाऊ जिम याला वाढवले. जिम अंगापिंडाने दणकट, तो शेतावर राबायचा. जॉर्ज सतत आजारी, म्हणून त्याला घरकाम आणि बागकाम मिळाले. सुसानने त्याला अक्षरओळख करून दिली. बाकीचा वेळ हा पोरगा रानात. झाडाच्या मुळ्या उकरून बघ, पानावरचे डाग बघ, रोप एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लाव, कुठे जगतं कुठे मरतं ते बघ. घराजवळच्या झाडीत त्याने आपली लपवलेली बाग केली होती. आजूबाजूच्या बायका आजारी रोपं त्याच्याकडे आणून देत. झाडांचा डॉक्टर असं त्याला नाव पडलं होतं, आणि तेव्हा तो शाळेची पायरीही चढलेला नव्हता.

आता इथं थोडं थांबा. जिम आणि जॉर्ज एकाच शेतात, लहानपणापासून वाढले. जिमला ही दृष्टी आली नाही. म्हणजे लवकर सुरुवात झाली एवढ्यावर भागत नाही. जॉर्ज नुसता शेतात नव्हता, तो बघत होता. आपल्याकडेही पोरं शेतात असतात, पण आपण त्यांना गुरामागं धाडतो, पाणी द्यायला लावतो. हे पान पिवळं का पडलं, हे कधी विचारत नाही.

शाळा मात्र उशिरा

गावातल्या शाळेत काळ्या मुलाला जागा नव्हती. बारा-तेरा वर्षांचा असताना जॉर्ज एकटाच आठ-दहा मैलांवरच्या निओशो गावी गेला. मराया वॉटकिन्स या सुईणीचे काम करणाऱ्या बाईने त्याला घरात घेतले. तिला झाडपाल्याच्या औषधांची जाण होती, तीही विद्या त्याच्या पदरात पडली. तिथून तो कॅन्ससमध्ये या गावातून त्या गावात फिरला. लोकांचे कपडे धुवायचे, स्वयंपाक करायचा आणि जमेल तशी शाळा करायची. याच काळात, १८८३ मध्ये, जिम देवीच्या साथीत गेला. जॉर्जला रक्ताचं असं कुणी उरलं नाही.

हायलँड गावच्या कॉलेजने पत्रावरून त्याला प्रवेश दिला. हा दारात जाऊन उभा राहिला तेव्हा काळा आहे म्हणून परत पाठवले. खचलेला जॉर्ज १८८६ साली कॅन्ससच्या माळावर गेला. सरकारी जमिनीचा एक तुकडा त्याने धरला, मातीचं घर बांधलं, आणि सतरा एकर जमीन जनावराशिवाय, हातानं कसली. मका, भाजीपाला, फळझाडं लावली. तिथे पाण्याची ओढ. चार वर्षांच्या आत ते सोडावं लागलं.

१८९० साली आयोवा राज्यातल्या सिम्पसन कॉलेजात तो शिकायला लागला, तेव्हा वय सव्वीसच्या आसपास. विषय कोणता? चित्रकला! त्याची झाडाफुलांची चित्रं बघून शिक्षिका एटा बड यांच्या लक्षात आलं की या मुलाचा जीव झाडात आहे. त्यांचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात फळबागांचे प्राध्यापक होते. १८९१ साली जॉर्ज तिथे दाखल झाला, त्या महाविद्यालयातला पहिला काळा विद्यार्थी म्हणून. १८९४ मध्ये पदवी मिळाली तेव्हा तो तिशीत होता. १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळाली.

आपल्या गावात तिशीतल्या माणसाने कॉलेजात नाव घातलं तर लोक काय म्हणतील, ते तुम्हीच सांगा.

पण तिथं तो मागं पडला का? नाही. कलमं करण्यात आणि पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांच्या अभ्यासात तो इतका पुढे गेला की पदवीनंतर महाविद्यालयाने त्याला तिथेच कामाला ठेवून घेतले. कारण साधं आहे. बुरशीचं नाव तो तिथं शिकला, पण पानावरचा डाग त्यानं वीस वर्षं आधीच पाहिला होता. प्रश्न मनात घेऊन जो वर्गात बसतो, त्याला उत्तर लवकर सापडतं. उशिरा शिकणाऱ्याचं हेच भांडवल असतं.

एम्समधलीच आणखी एक गोष्ट. तिथल्या एका सहकाऱ्याचा सहा वर्षांचा मुलगा, हेन्री वॉलेस, कार्व्हरबरोबर रानात फिरायचा. गवत कोणतं, फुलाचा भाग कोणता, हे कार्व्हर त्याला दाखवायचा. या मुलाने मोठेपणी मक्याच्या संकरावर काम केलं, १९२६ साली संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, १९३३ मध्ये तो अमेरिकेचा कृषिमंत्री झाला आणि १९४१ मध्ये उपाध्यक्ष. एकाला रानातला गुरू सहाव्या वर्षी मिळाला, दुसऱ्याला कृषी महाविद्यालय सत्ताविसाव्या वर्षी. दोघांचंही पीक आलं.

शेतकऱ्यांचा मास्तर

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामा राज्यातल्या टस्कगी संस्थेत गेला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. आजूबाजूचा शेतकरी म्हणजे कालपर्यंतचा गुलाम. जमीन दुसऱ्याची, आपण बटाईने कसायची, वर सावकाराचं कर्ज. कापसावर कापूस घेऊन जमिनीचा कस पार गेलेला. कार्व्हरने सांगितलं ते आपल्याला नवं नाही : बेवड बदला. कापसाच्या रानात चवळी, भुईमूग घ्या, रताळी लावा. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. विकतचं खत परवडत नसेल तर पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून घाला.

हे ऐकणारे बहुतेक प्रौढ, त्यात कित्येक निरक्षर. ते शाळेत येणार नाहीत, म्हणून शाळाच त्यांच्या बांधावर न्यायचं ठरलं. १९०६ साली घोड्यांची एक गाडी सजवली, तिच्यात अवजारं, बियाणं, खताचे नमुने भरले आणि ती गावोगाव फिरवली. जेसप वॅगन हे तिचं नाव. त्याच वर्षी टॉम कॅम्पबेल हा काळा तरुण सरकारी कृषी विस्तार कर्मचारी म्हणून तिच्याबरोबर नेमला गेला. माझ्यासारख्या विस्तार कर्मचाऱ्याची परंपरा त्या गाडीपर्यंत जाते, याचा मला अभिमान वाटतो.

पुढे बोंडात शिरणाऱ्या सोंडकिडीने तिथला कापूस खाल्ला आणि भुईमुगाचे महत्त्व लोकांना पटले. १९१६ मध्ये कार्व्हरने भुईमुगाची लागवड आणि त्याचे खाण्याचे १०५ प्रकार सांगणारी पुस्तिका काढली. शेंगदाण्याचं लोणी त्यानं शोधलं असं पुष्कळ लोक सांगतात, ते खरं नाही. त्याच्या आधीही ते होतं. त्याने सुचवलेल्या कित्येक पदार्थांचा कारखानाही निघाला नाही. त्याचं खरं काम मातीतलं, आणि मोठ्या माणसांना शिकवण्याचं. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कगीतच तो वारला. साठवलेला पैसा त्याने आधीच संशोधनासाठी देऊन टाकला होता.

आपण काय घ्यायचं?

एक सांगतो, उशीर ही काही चांगली गोष्ट नाही. कार्व्हर उशिरा शिकला तो हौसेने नव्हे, त्याला दारं बंद होती म्हणून. दहा-पंधरा वर्षं त्याची कपडे धुण्यात गेली. आपल्या गावातून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांची मुलं सहा-सहा महिने शाळेबाहेर राहतात, त्यांनाही आपणच उशीर करवतो. सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजींनी मिळून ती मुलं गावात ठेवण्याची सोय करावी. शाळेची परसबाग नुसती कागदावर ठेवू नये. मुलांना तिच्यात बघायला, विचारायला लावावं.

आणि जो उशिरा का होईना दारात येतो, त्याला वय विचारू नये. घरी बसलेल्या पोराला शेतीचा पदविका अभ्यासक्रम आहे, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे शेतीचे अभ्यासक्रम आहेत. पन्नाशीतल्या बापाला डोळा भरून कलम करणं, माती परीक्षणाचा कागद वाचणं अजूनही जमतं. पीक त्याने तीस वर्षं पाहिलेलं आहे, त्याला फक्त नाव आणि कारण शिकायचं आहे.

मृगाचा पाऊस हुकला म्हणून आपण रान पडीक ठेवत नाही. उशिरा येणाऱ्या पावसाला साजेसं बियाणं शोधतो आणि पेरतो. पुढच्या प्रशिक्षणाला पोराला पाठवाच, पण त्याच्याबरोबर तुम्हीही या.