गुलिएल्मो मार्कोनी : एका आकाशात अनेक आवाज

वसमतच्या मोंढ्यात हळदीचे बीट सुरू असते, त्या वेळी एकाच आवारात शेकडो मोबाइल बोलत असतात. अडत्या नांदेडला भाव कळवतो, शेतकरी घरी निरोप देतो, कोणी क्रिकेटचा धावफलक पाहतो. आणि हे सारे एकाच हवेतून, एकमेकांना न अडवता चालते. गर्दी फार झाली म्हणजे मात्र फोन लागेनासा होतो. एका आकाशात अनेकांनी एकाच वेळी कसे बोलावे, हा प्रश्न ज्यांच्यापुढे रोजच्या व्यवहारातील अडचण म्हणून अगदी आरंभीच उभा राहिला, त्या गुलिएल्मो मार्कोनी यांच्या जीवनाचा परिचय येथे करून देण्याचा विचार आहे. शालेय पुस्तकांत त्यांना रेडिओचे जनक म्हणून एका ओळीत उरकले जाते. ती ओळ अपुरी तर आहेच, काही अंशी इतरांवर अन्याय करणारीही आहे.

मार्कोनी यांचा जन्म 25 एप्रिल 1874 रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील जमीनदार, आई आयर्लंडमधील मद्यनिर्मात्या जेमसन घराण्यातील. विद्यापीठाचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या विद्युतचुंबकीय लहरींविषयी वाचून 1894 च्या सुमारास त्यांनी घराच्या माळ्यावर प्रयोग आरंभले. पुढील वर्षी त्यांचा संदेश टेकडीपलीकडे पोहोचला, आणि तो मिळाल्याची खूण म्हणून त्यांच्या भावाने पलीकडून बंदुकीचा बार काढला. 1896 मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथील टपाल खात्याचे अभियंते विल्यम प्रीस यांनी त्यांना आश्रय दिला, आणि 1897 मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. हे सारे वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत.

त्या काळची यंत्रे ठिणगीवर चालत. तळ्यात धोंडा टाकला की सगळे पाणी हलावे, तशी ठिणगी एकाच वेळी अनेक लांबींच्या लहरी उसळवी. बोलणारा एकटाच असेल तोवर काही बिघडत नसे. दुसरा बोलू लागला की दोघांचाही गोंधळ होई. 1901 मध्ये न्यूयॉर्कजवळ अमेरिका चषकाच्या नौकाशर्यतीची वार्ता पाठविण्यास मार्कोनी कंपनीसह परस्परांच्या प्रतिस्पर्धी यंत्रणा सज्ज झाल्या, आणि त्यांनी एकमेकींचे संदेश असे बुडविले की बिनतारी वार्तेचा पार विचका झाला. चाळीस मुलांच्या वर्गात सर्वांनी एकदम उत्तर द्यावे, तसाच हा प्रकार.

यावरील उपायासाठी मार्कोनी यांनी 1900 मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. 7777 या क्रमांकाचे ते ब्रिटिश पेटंट तंत्रज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यातील तत्त्व झोपाळ्यावरून समजते. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलका धक्का देत राहिले की तो उंच जातो. अवेळी दिलेले धक्के वाया जातात. तारेचे वेटोळे आणि विद्युतभार साठविणारे धारित्र यांची जोडणी केली की विजेलाही अशी एक ठरावीक लय मिळते. पाठविणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोन्ही यंत्रांतील मंडले एकाच लयीवर जुळविली, तर घेणारे यंत्र आपल्या लयीची लहर उचलते आणि इतर लहरींकडे बव्हंशी दुर्लक्ष करते. एकाच एरियलवर एकाच वेळी आलेले दोन संदेश वेगवेगळ्या यंत्रांवर अलग करून दाखविण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. आकाशाच्या एका मोकळ्या मैदानात पहिल्यांदा वाटा आखल्या गेल्या त्या अशा.

मात्र ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. ऑलिव्हर लॉज यांनी जुळणीचे पेटंट 1897 मध्येच मागितले होते आणि पुढे मार्कोनी कंपनीला ते विकत घ्यावे लागले. अमेरिकेतील अशाच पेटंटमधील महत्त्वाचे दावे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1943 मध्ये, लॉज, टेस्ला आणि स्टोन यांच्या आधीच्या कामाचा विचार करून, अमान्य केले. 12 डिसेंबर 1901 रोजी न्यूफाउंडलंड येथे पतंगाला बांधलेल्या तारेवर त्यांनी अटलांटिकपलीकडून आलेले एक अक्षर ऐकल्याचे जाहीर केले; त्या वेळी वापरलेला पाऱ्याचा संवेदक आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी 1899 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेवर आधारलेला असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. बोस यांना पेटंटांचा मोह नव्हता. मार्कोनी यांची सारी वाटचाल पेटंटांच्या आधारे झाली. भौतिकशास्त्राचे 1909 चे नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना विभागून मिळाले.

वाटा आखल्या तरी त्यांवरून चालण्याचे नियम नव्हते, आणि त्याची किंमत फार मोठी पडली. मार्कोनी कंपनीचे चालक इतर कंपन्यांच्या जहाजांशी बोलण्यास नकार देत. 1906 च्या बर्लिन परिषदेने या हट्टाविरुद्ध नियम केला आणि जहाजांसाठी तरंगलांबी ठरवून दिल्या. तरीही 14 एप्रिल 1912 च्या रात्री ‘टायटॅनिक’चा चालक प्रवाशांचे खासगी निरोप पाठविण्यात गुंतला होता. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ने बर्फाची सूचना देऊ केली, तेव्हा तिचा जवळून आलेला मोठा आवाज कामात व्यत्यय म्हणून झिडकारला गेला. तिचा एकुलता एक चालक यंत्र बंद करून झोपला, आणि थोड्याच वेळात ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळले. सुमारे 1500 माणसे गेली. सातशेच्या वर वाचली, तीही बिनतारी हाक ‘कार्पेथिया’ला ऐकू गेल्यामुळेच. त्यानंतर अमेरिकेने त्याच वर्षी परवान्याचा कायदा केला. कोणी, केव्हा व कोणत्या लहरीवर बोलावे, हा तेव्हापासून सार्वजनिक हिताचा विषय झाला.

महाराष्ट्राचा या जीवनाशी संबंध 1927 मध्ये आला. लांब लहरींच्या पट्ट्यात सबंध जगात मोजक्याच केंद्रांना जागा होती. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी आखूड लहरींकडे मोर्चा वळविला. तेथे वाटा कितीतरी अधिक आहेत, शिवाय लहरींचा झोत एकाच दिशेने पाठविता येतो. या झोतपद्धतीने इंग्लंडशी जोडणारी भारतातील केंद्रे पुण्याजवळ उभारली गेली : पाठविण्याचे खडकी येथे, घेण्याचे दौंड येथे. ही दोन इतकी दूर ठेवण्याचे कारण साधे आहे. स्वतःच ओरडत असताना दूरची कुजबुज ऐकू येत नाही. नांदेडहून पुण्याला निघालेली आपली मुले ज्या दौंड स्थानकावर चहा घेतात, त्या गावी एकेकाळी सातासमुद्रांपलीकडचे संदेश उतरत असत.

आजचा मोबाइल याच मार्गावर पुढे गेला आहे. वाटा कमी पडल्या तेव्हा एका वाटेवर काळाचे बारीक तुकडे पाडून पाळीपाळीने बोलण्याची सोय झाली. गावोगावी लहान टॉवर उभे करून तीच लहर काही अंतरावर पुन्हा वापरता आली. वायफायचे यंत्र तर आधी कानोसा घेते आणि शांतता असली तरच बोलते. तरीही प्रत्येक वाटेला मर्यादा असते, आणि मोंढ्यात फोन लागत नाही तो त्यामुळेच.

मार्कोनी यांच्या चरित्राची एक बाजू झाकून ठेवता येणार नाही. 1923 मध्ये ते मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेले. 1930 मध्ये त्यांना इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष नेमण्यात आले. अकादमीच्या सभासदत्वासाठी सुचविलेल्या विद्वानांपैकी ज्यू नावांपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने खूण केल्याची कागदपत्रे 2002 मध्ये उजेडात आली. त्यांच्या कारकिर्दीत एकाही ज्यू विद्वानाला तेथे प्रवेश मिळाला नाही. आकाशात सर्वांना जागा करून देण्यासाठी झटलेल्या माणसाने विद्वानांच्या सभेत जन्मावरून दार लावून घ्यावे, हे वाचताना मन विषण्ण होते. यंत्रांवरील त्यांच्या कामाचे मोल त्यामुळे घटत नाही. पण आमच्या मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

20 जुलै 1937 रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या दिवशी ठिकठिकाणच्या बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबविले. त्याच वर्षी 23 नोव्हेंबर रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्र बोस निवर्तले.